लिहिलंत तुम्ही, मग नावही तुमचंच दिसू द्या

मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या, ब्लॉग वाचणाऱ्या आणि आवडलेला मजकूर पुढे पाठवणाऱ्या सर्वांना ही कळकळीची विनंती.

आज एवढं एक काम करा. तुमच्या ब्लॉगवरचा, लोकांना सगळ्यात जास्त आवडलेला लेख उघडा. त्यातलं मधलंच एखादं वाक्य निवडा. आठ-दहा शब्दांचं असावं आणि दुसरं कुणी सहसा लिहिणार नाही असं असावं. ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा आणि काय समोर येतं ते नीट बघा. सगळ्यात वर तुमचं पान आहे की भलत्याच संकेतस्थळाचं? तिथे तुमचं नाव आहे का? की नाव आहे, पण दुसऱ्याचंच? तुमचं मूळ पान सापडतं तरी का?

माझ्या ओळखीतल्या अनेक ब्लॉगलेखकांच्या वाट्याला या शोधातून मनस्तापच आला आहे. गावाकडच्या गणपतीवर, कळण्याच्या भाकरीवर, गिरणगावातल्या चाळीवर, आईच्या आजारपणावर त्यांनी जिवापाड मेहनत घेऊन लिहिलं. लेख गावभर झाला, लोकांनी तो डोळ्यांत पाणी आणून वाचला, आणि लिहिणाऱ्याचं नाव मात्र वाटेतच गळून पडलं. पुढे त्याच लेखकाला स्वतःचाच लेख कुणीतरी 'बघा, किती छान लिहिलंय' म्हणून पाठवला. 'हा माझा आहे' असं सांगितल्यावर समोरून 'पुरावा काय?' असा प्रश्न आला. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापाशी तयार हवं. ते आजपासून तयार करायला लागा, एवढंच मागणं घेऊन मी आलो आहे.

नाव गळतं कसं?

लेखाखाली नाव असतंच. पहिला वाचक मजकूर निवडताना घाईत शेवटची ओळ सोडतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. दुसरी मैत्रीण तो 'आवडला म्हणून पाठवतेय' असं म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकते. तिसरा वर 'अप्रतिम! नक्की वाचा' जोडतो. चौथा प्रामाणिकपणे खाली 'लेखक अज्ञात' लिहितो. पाचव्याला 'अज्ञात' बरं दिसत नाही म्हणून तो पु. ल. देशपांडे नाहीतर व. पु. काळे यांचं नाव लावून मोकळा होतो. सहावा तो मजकूर फुलांच्या चित्रावर छापून आपल्या पेजवर चढवतो आणि कोपऱ्यात पेजचं नाव घालतो. सातवा जाहिरातींवर चालणाऱ्या संकेतस्थळावर तो जसाच्या तसा टाकतो. व्हॉट्सअॅपवरचे संदेश गूगलला दिसत नाहीत, पण सातव्याचं पान दिसतं. म्हणून शोधणाऱ्याला सापडतो तो सातवाच.

या साखळीत चोर एखाददुसराच असतो. बाकीचे सगळे तुमच्या-माझ्यासारखे भले वाचक असतात. पण प्रत्येकाने थोडी थोडी हयगय केली की शेवटी एका माणसाचं लेखन त्याचं राहत नाही.

मराठीला हे दुखणं नवं नाही. अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घालायची आपल्या संतांची रीत होती. ती मुद्रा पुसून तिथे आपली घालणारेही होतेच. तुकोबांच्या गाथेत सालोमालोचं नाव येतं. तुकोबांचे अभंग आपले म्हणून खपवणारा हा माणूस 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटामुळे घराघरात माहीत झाला. तुकोबांचे शब्द गावोगावच्या टाळकऱ्यांच्या कंठात होते, म्हणून त्यांचं नाव टिकलं. आपल्या ब्लॉगमागे असे टाळकरी नाहीत. आपली नाममुद्रा आपल्यालाच पक्की करावी लागेल.

लेखक कोण, हे गूगलला ठाऊक नसतं

'मी आधी लिहिलं, म्हणजे गूगलला कळेलच' हा समज मनातून काढून टाका. एकच मजकूर चार पानांवर सापडला की शोधयंत्र त्यातलं एक पान मुख्य मानतं आणि बाकीची मागे ठेवतं. ही निवड ते खुणा बघून करतं. पानावर कोणकोणत्या ठिकाणांहून दुवे येतात, ते आधी कधी दिसलं, संकेतस्थळ किती नीट बांधलं आहे, पानावरची माहिती यंत्राला वाचता येईल अशी आहे का, अशा त्या खुणा असतात. तुमच्या ब्लॉगवर त्या नसल्या आणि उचलणाऱ्याच्या संकेतस्थळावर असल्या, तर पारडं त्याच्याकडे झुकू शकतं.

लेखकाची ओळख निकालातच दाखवण्याचा प्रयत्न गूगलने एकदा केला होता. २०११ साली 'गूगल ऑथरशिप' नावाची सोय आली. लेखकाने ब्लॉगवरून आपल्या गूगल प्लस खात्याचा दुवा द्यायचा आणि त्या खात्यावरून ब्लॉगचा. दोन्ही बाजू जुळल्या की शोधनिकालात लेखाशेजारी लेखकाचं नाव आणि छोटा फोटो दिसायचा. आपला फोटो निकालात बघून किती ब्लॉगलेखक हरखले होते! जून २०१४मध्ये फोटो गेले, ऑगस्ट २०१४मध्ये नावंही गेली. ही माहिती वाचकांना अपेक्षेइतकी उपयोगी पडत नाही, असं कारण देऊन सोय बंद झाली. पुढे २ एप्रिल २०१९ रोजी सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लसच बंद पडलं आणि ज्यांनी आपली सगळी ओळख तिथे बांधली होती त्यांचे दुवे निराधार झाले.

यातून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवू. पहिली अशी की आज गूगलकडे 'हाच खरा लेखक' असा शिक्का मिळत नाही. तो मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. दुसरी अशी की आपली ओळख एकाच कंपनीच्या एकाच खात्यावर अवलंबून ठेवायची नाही. स्वतःच्या ब्लॉगवर ओळखीचं पान करायचं आणि चार जागांहून त्याला दुजोरा मिळेल अशी व्यवस्था करायची. लेखकाची पडताळणी ती हीच. ती फुकट होते आणि तुमच्याच हातात असते.

आत्ताच का?

मराठी ब्लॉगचा पहिला बहर येऊन आता दीड-दोन दशकं झाली. तेव्हा हौसेने लिहिणाऱ्या अनेकांनी पुढे लिहिणं थांबवलं आणि ब्लॉग तसाच पडून राहिला. त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. दोन वर्षं वापरात नसलेली वैयक्तिक गूगल खाती त्यातल्या मजकुरासह काढून टाकण्याचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३पासून लागू आहे. आपला ब्लॉग त्यातून वाचेल की नाही, यावर विसंबून राहू नका. मूळ पान एकदा नाहीसं झालं की नक्कलच अस्सल ठरते. मग 'हे माझं' म्हणायला जागाच उरत नाही.

दुसरं कारण याहून मोठं आहे. भारतात ऑगस्ट २०२४पासून गूगलच्या शोधनिकालांत वरच्या बाजूला कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला आहे. अशा सारांशात मूळ पान म्हणून ज्याचा दुवा येतो, श्रेयही त्यालाच मिळतं. शिवाय एखाद्याचा लेख यंत्राकडून शब्द फिरवून घ्यायचा आणि आपल्या नावावर चढवायचा, हे आता चुटकीसरशी होतं. असा लेख अवतरणचिन्हांत शोधूनही सापडत नाही. तिथे उपयोगी पडते ती आपली तारीखवार नोंद.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. त्या भाषेत आज रोज जे लिहिलं जातं ते कुणी लिहिलं, हे पन्नास वर्षांनी अभ्यासकाला कळायला हवं असेल, तर त्याची सोय आपल्यालाच करून ठेवावी लागेल.

ब्लॉगलेखकहो, ही सात कामं करा

यातलं कुठलंही काम करायला इंजिनीअर असावं लागत नाही. दोन-तीन संध्याकाळी बसलात तर सगळं उरकतं.

१. खात्यात शिरा आणि प्रत काढा. आज ब्लॉगच्या खात्यात लॉगिन करा. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना असेल तर बदला. ब्लॉगरवर सेटिंग्जमध्ये 'बॅकअप कंटेंट' आहे, वर्डप्रेसवर टूल्समध्ये 'एक्स्पोर्ट' आहे. त्यातून मिळणारी फाइल संगणकावर, पेनड्राइव्हवर आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ईमेलमध्ये ठेवा.

२. एकच नाव ठरवा. एके ठिकाणी पूर्ण नाव, दुसरीकडे आद्याक्षरं, तिसरीकडे लग्नाआधीचं आडनाव, चौथीकडे 'मी माझा' असं नको. यंत्राला ही चार माणसं वाटतात. देवनागरीत नाव कसं लिहायचं आणि रोमन लिपीत कसं, हे एकदा ठरवा आणि सगळीकडे तसंच ठेवा. टोपणनावाने लिहीत असाल तर टोपणनावच ठेवा, त्यात काहीच गैर नाही. कुसुमाग्रज म्हटलं की वि. वा. शिरवाडकर, ग्रेस म्हटलं की माणिक गोडघाटे, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही, कारण त्यांनी ते नाव आयुष्यभर सांभाळलं. अनेक बायका नोकरी, सासर किंवा सुरक्षितता यांचा विचार करून खरं नाव देत नाहीत, आणि त्यांचा तो हक्क आहे. त्यांनीही एकच टोपणनाव नेटाने चालवावं, म्हणजे लेखन त्या नावाशी बांधलेलं राहील.

३. 'लेखक परिचय' असं वेगळं पान करा. कितीतरी चांगल्या ब्लॉगवर हे पान नसतं, किंवा असलं तर त्यावर 'मनातलं काही' एवढंच असतं. त्या पानावर सरळ लिहा: मी कोण, कुठे राहतो, काय काम केलं, कशाबद्दल लिहितो आणि कधीपासून लिहितो. सिंचन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस गोदावरीच्या धरणांवर लिहीत असेल तर ती तीस वर्षं तिथे दिसली पाहिजेत. शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठी गूगलने केलेल्या मार्गदर्शिकेत जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष आधीपासून होते, आणि डिसेंबर २०२२मध्ये त्यात 'प्रत्यक्ष अनुभव' हा निकष वाढवला गेला. आपल्याकडे अनुभवाचं भांडार आहे, आपण ते सांगायला लाजतो. इथे लाजू नका. छापील पुस्तकं, दिवाळी अंकांतले लेख, व्याख्यानं यांची यादीही इथेच द्या.

४. दुवे दोन्ही बाजूंनी जोडा. परिचयाच्या पानावरून तुमच्या फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम किंवा जिथे असाल त्या खात्यांचे दुवे द्या, आणि त्या प्रत्येक खात्यावरून परत परिचयाच्या पानाचा दुवा द्या. एका बाजूचा दुवा कुणीही लावू शकतो. दोन्ही बाजू जुळल्या की दोन्हींचा मालक एकच, हे ठरवायला आधार मिळतो. मायबोली १९९६पासून चालू आहे. तिथे किंवा मराठीतल्या इतर जुन्या संकेतस्थळांवर लिहीत असाल तर तिथल्या सदस्यपानावरही हा दुवा घाला. इतिहास, विज्ञान, भाषा अशा विषयांवर संशोधनाच्या अंगाने लिहिणाऱ्यांनी ऑर्किड (ORCID) हा संशोधकांसाठीचा ओळखक्रमांक घ्यावा. तो मोफत मिळतो आणि आयुष्यभर आपलाच राहतो.

५. यंत्राला वाचता येईल अशी नोंद लेखात घाला. हे काम थोडं तांत्रिक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. २०११मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा नावाची एक सामायिक शब्दावली सुरू केली. लेखाच्या पानात वाचकाला न दिसणारी एक छोटी नोंद असते. हा लेख आहे, त्याचं शीर्षक हे, प्रसिद्धीची तारीख ही, लेखक ही व्यक्ती, आणि त्या व्यक्तीचं पान इथे, असं ती यंत्राला सांगते. वर्डप्रेसवर एखादं चांगलं एसईओ प्लगइन बसवलं की ती आपोआप तयार होते. ब्लॉगरवर थीममध्ये काय आहे ते तपासून बघा. तपासायला गूगलचं 'रिच रिझल्ट्स टेस्ट' आहे. त्यात लेखाचा पत्ता टाकला की नोंदीत काय आहे आणि काय चुकलं ते समोर दिसतं. तिथे हमखास सापडणाऱ्या चुका अशा: लेखकाच्या जागी 'अॅडमिन' असतं, ब्लॉगचंच नाव असतं, किंवा काहीच नसतं. नावाच्या रकान्यात फक्त नाव घाला. 'श्री.', 'सौ.', 'डॉ.', 'लेखिका', 'निवृत्त मुख्याध्यापक' असलं काही तिथे नको, अशी गूगलची स्पष्ट सूचना आहे. लेखक दोन असतील तर दोन्ही नावं वेगवेगळी नोंदवा. लेखकाच्या पत्त्याच्या रकान्यात वर सांगितलेल्या परिचयाच्या पानाचा पत्ता द्या. या नोंदीमुळे निकालात वरचा क्रमांक मिळतोच असं नाही. पण तुम्ही कोण, हे यंत्राला अंदाजाने ठरवावं लागत नाही.

६. आधी ब्लॉगवर, मग बाकी सगळीकडे. लेख थेट फेसबुकवर किंवा ग्रुपवर पूर्ण टाकू नका. आधी ब्लॉगवर प्रसिद्ध करा. गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये आपला ब्लॉग जोडून घ्या. तिथे ब्लॉगची मालकी पडताळली जाते आणि नव्या पानाची नोंद घेण्याची विनंतीही करता येते. मग इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर जाऊन 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये लेखाचा पत्ता टाका. त्या दिवशीची, त्या वेळेची, तुमच्या नावासकटची प्रत एका तिसऱ्याच संस्थेकडे जमा होते. उद्या वाद झाला तर याहून सोपा पुरावा दुसरा नाही. एवढं झाल्यावर ग्रुपवर पहिला परिच्छेद आणि दुवा पाठवा.

७. लेख अक्षरांत ठेवा आणि नाव आत गुंफा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेले किंवा चित्र करून टाकलेले लेख यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे ते सापडतही नाहीत. ते युनिकोडमध्ये आणा. नाव फक्त शेवटच्या ओळीत न ठेवता शीर्षकाखालीही द्या आणि जमेल तिथे मजकुराच्या मध्येही येऊ द्या. शेवटची ओळ कापणं सोपं असतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे

'ब्लॉगवर टाकलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं' असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन लिहून झालं की त्यावर लेखकाचा हक्क आपोआप येतो. नोंदणी ऐच्छिक आहे. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५७ने लेखकाला आपलं लेखकपण सांगण्याचा वेगळा हक्क दिला आहे आणि तो कॉपीराइट विकल्यानंतरही उरतो. कलम ५५चा तर आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. प्रसिद्ध झालेल्या कृतीवर लेखक म्हणून ज्याचं नाव असतं तोच, उलट सिद्ध होईपर्यंत, लेखक मानला जातो. आपलं नाव लेखावर ठळकपणे का हवं, याचं उत्तर खुद्द कायद्यानेच दिलं आहे.

कुणी उचललेलं दिसलं तर आधी स्क्रीनशॉट काढा आणि त्या पानाची प्रतही वेबॅक मशीनवर जमा करा. मग सभ्य भाषेत त्या माणसाला लिहा: मूळ दुवा आणि नाव द्या, नाहीतर मजकूर काढा. बरेच जण चूक दुरुस्त करतात. नाही केली तर ज्या मंचावर तो मजकूर आहे तिथे कॉपीराइटची तक्रार करा. शोधनिकालातून ते पान काढावं म्हणून गूगलकडेही अर्ज करता येतो. २०१३च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५प्रमाणे अशी लेखी तक्रार आल्यावर मजकूर साठवणाऱ्या मध्यस्थाने ३६ तासांत तिची दखल घ्यायची असते. न्यायालयाचा आदेश आणायला तक्रारदाराला २१ दिवस मिळतात. तक्रार खरी असेल तरच करा. खोट्या तक्रारी करून दुसऱ्याचं लेखन पाडणं हीसुद्धा चोरीच आहे.

वाचकहो, तुमच्यावाचून हे होणार नाही

लेखकाने सात काय, सत्तर कामं केली तरी तुम्ही साथ दिली नाहीत तर सगळं वाया जाईल. तुमच्याकडे मागणं फार थोडं आहे. पुढे पाठवताना मजकुराऐवजी दुवा पाठवा. मजकूरच पाठवायचा असेल तर नावासकट पाठवा. नाव नसलेला चांगला लेख आला तर त्यातलं एक वाक्य शोधून बघा. मूळ लेखक सापडला तर ग्रुपवर सांगा. सापडला नाही तर स्वतःच्या मनाने नाव चिकटवू नका, कुठल्याही थोर माणसाचं तर मुळीच नको. पु.लं.चं नाव लावल्याने पु.लं.चा मान वाढत नाही, आणि ज्याने रात्र जागून लिहिलं त्याच्या तोंडचा घास जातो.

दिवाळी अंकांचे, साप्ताहिकांचे आणि संकेतस्थळांचे संपादकहो, ब्लॉगवरचा लेख घ्यायचा असेल तर आधी परवानगी विचारा. छापताना नावाबरोबर ब्लॉगचा पत्ता द्या. ऑनलाइन पुनर्प्रकाशन करत असाल तर मूळ पानाचा दुवा सुरुवातीलाच ठेवा आणि आपल्या पानाला 'नोइंडेक्स', म्हणजे हे पान शोधनिकालांत दाखवू नका अशी यंत्रासाठीची सूचना, लावा. तसं केलं की शोधात मूळ लेखकच पुढे राहतो. पुनर्प्रकाशनासाठी गूगलने हीच पद्धत सुचवली आहे.

तंत्र जाणणाऱ्या मुलामुलींनो

सगळ्यात जास्त आशा तुमच्याकडून आहे. आपल्याकडचे कितीतरी कसदार ब्लॉगलेखक साठी-सत्तरीत आहेत. टायपिंग शिकायलाच त्यांना महिने लागले. स्कीमा, सर्च कन्सोल हे शब्द ऐकूनच ते हात आखडतात. तुमच्या घरात, सोसायटीत, गावच्या वाचनालयात असे एक काका किंवा मावशी नक्की असतील. त्यांच्याशेजारी एक दुपार बसा. पासवर्ड त्यांच्याच हाताने वहीत लिहू द्या, तुम्ही कुठेही साठवू नका. परिचयाचं पान त्यांच्याकडून तोंडी सांगून घ्या आणि टंकून द्या. तपासणी करून दाखवा. 'अॅडमिन'च्या जागी त्यांचं नाव आलं की त्यांचा चेहरा बघा. तुमच्या दुपारचं चीज होईल.

ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी यासाठी दोन तासांचा वर्ग ठेवावा. लागतात ते फक्त चार संगणक, इंटरनेट आणि तीन-चार विद्यार्थी. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, तेव्हा भाषणं कमी करून हे काम ठेवलं तर भाषेचं खरं संवर्धन होईल. पुण्या-मुंबईइतकीच ही गरज परभणीला आहे, मडगावला आहे, इंदूर-बडोद्याला आहे, आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही आहे. तिथे तर हे तंत्र जाणणारी माणसं ढिगाने आहेत.

जे आज नाहीत त्यांच्यासाठी

शेवटची विनंती दिवंगत लेखकांच्या घरच्यांना. आईचा, वडिलांचा ब्लॉग असेल तर तो आज उघडून बघा. त्यांच्या लेखनावरचा हक्क ६० वर्षं वारसांकडे राहतो आणि तो सांभाळण्याची जबाबदारीही तुमचीच आहे. सगळ्या पानांच्या प्रती वेबॅक मशीनवर जमा करा, छापून एक बाड घरात ठेवा. परिचयाच्या पानावर लेखक हयात नाहीत हे लिहा आणि संपर्कासाठी ईमेल द्या. आणि जे आज लिहिताहेत त्यांनी गूगलच्या 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये विश्वासाच्या माणसाचं नाव आताच घालून ठेवावं, म्हणजे खातं बंद पडण्याआधी त्या माणसाला कळवलं जाईल.

येत्या २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे. त्याच्या आत प्रत्येक मराठी ब्लॉगवर लेखकाचं नाव, परिचयाचं पान आणि जपून ठेवलेली प्रत असावी, एवढा निर्धार आपण सगळे मिळून करू या. सात कामं एकदम जमत नसतील तर आज पहिलं करा, म्हणजे खात्यात शिरा आणि प्रत काढा. उद्या दुसरं करा. आणि हे आवाहन पटलं असेल तर ज्या ब्लॉगलेखकाचं लिखाण तुम्हाला आवडतं, त्याला आजच फोन करून विचारा: 'तुमच्या लेखावर तुमचं नाव नीट दिसतंय ना? नसेल तर मी येतो मदतीला.'